नुसतं तोंड हलवा

सहा वर्षं तू मला गाऊ दिलं नाहीस, शालन. हे पहिलं लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

तुझ्या शाळेतल्या नव्या गाण्याच्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, शाळेच्या अंकात बाईंवर दोन पानं हवीत, घरच्या माणसानं लिहिलेली. तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, कुठं शाल मिळाली, हे सगळं त्यांनी एका कागदावर आधीच काढून आणलेलं. मी म्हटलं, मग माझं काय काम? त्या म्हणाल्या, तुम्ही आठवणी लिहा. आता मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. सारा जन्म कापडाचे माग दुरुस्त करण्यात गेला. आठवणी कशा लिहितात मला ठाऊक नाही. तुझ्याशी बोलायचं म्हटलं तर बोलतो. त्यातलं अर्धं भांडण असेल, ते छापायचं का नाही त्यांचं त्यांनी बघावं. तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि आपलं भांडण होतं तिथंच पडलंय.

तू रिटायर झालीस तेव्हा मला वाटलं, आता घरात दोन वेळा गरम चहा मिळणार. कसलं काय. तुला नवीन खूळ लागलं, ज्यांना गाता येत नाही त्यांच्याकडून गाणं करून घ्यायचं. मी म्हटलं, गाता येणारे संपले का बोईसरमधले? तू म्हणालीस, "येणाऱ्यांना मी जन्मभर शिकवलं. आता न येणाऱ्यांकडून मला शिकायचंय." असलं काहीतरी तू बोलायचीस आणि मी पेपर वाचत बसायचो.

बाजारात पालघरजवळच्या माहीमच्या बाया पाट्या घेऊन मासळी विकायला बसतात. त्यांच्याशी भाव करता करता तू त्यांना गाण्यात ओढलंस. पहिली जानकीबाय. ती तुला म्हणाली, "बाय, आमी काय गानार? आमचा आवाज म्हंजे बोंबील घ्या, सुके बोंबील!" तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हेच. परत म्हणा." ती परत म्हणाली. तू परत म्हणायला लावलंस. शेजारची कोळीण म्हणाली, "जानके, ही बोंबील घेतेय का तुझी परीक्षा घेतेय?" बोंबील राहिलेच. मी घरी भाकरी घेऊन बसलेलो आणि तू आलीस ती रिकाम्या पिशवीनं, गुणगुणत. त्या दिवशी आपण लोणच्याशी जेवलो.

मग गडी हवेत म्हणालीस. माझ्या शेडमधले मागवाले मीच आणून दिले, अकरा जण. ते काही तुझ्या गाण्यासाठी आले नाहीत. जॉबरनं बोलावलं म्हणून आले. माग बिघडला की दुरुस्त करायचा, कुठला चालवायचा, कुठला थांबवायचा, हे जॉबर सांगतो. मी पंचवीस वर्षं जॉबर होतो. त्यातला शिवपूजन तर उत्तरेकडचा, मला उस्ताद म्हणतो. तो म्हणाला, "उस्ताद, गाना? हमको तो मराठी भी ठीक से नहीं आती." मी म्हटलं, चल गप, मलापण गाणं कुठं येतंय.

आमच्या शेडला शुक्रवारची सुट्टी. बायांचा बाजार दुपारी उठतो. म्हणून शुक्रवारी दुपारी तीन वाजता शाळेच्या प्रार्थनेच्या खोलीत आपला घोळका जमायचा. तू त्याला वृंदगान म्हणायचीस, बाकी सगळे घोळकाच म्हणायचे. पहिल्या दिवशी माझे गडी भिंतीला चिकटून बसले, पाट्यांच्या वासापासून लांब. जानकीबायनं पाहिलं. "काय वो जॉबर, तुमच्या गड्यांना वास येतोय काय? ताटात पडलं का मग नाय येत?" गडी खाली बघायला लागले. तू हसलीस आणि त्यांना म्हणालीस, "सरका पुढे. गाणं काही भिंत म्हणणार नाही."

तुझ्या वहीत सारेगम नसायचं. रेघा असायच्या, वर चढणाऱ्या, खाली उतरणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या. मी एकदा विचारलं, हे काय? "ही भरती." आणि हे दाते दाते? "ही तुमची शिफ्ट." तू प्रत्येकाला विचारायचीस, दिवसभरात तुमच्या तोंडात सगळ्यात जास्त कुठलं वाक्य येतं. बाया म्हणाल्या, पाणी कधी उतरतंय. माझे गडी म्हणाले, धागा तुटला. त्यातून तू अख्खं गाणं उभं केलंस. बाया पाणी चढवायच्या, गडी धागा जोडायचे. त्याला राग नाही, ताल माझ्या ओळखीचा नाही. पण खोलीत बसून ऐकलं की मी घड्याळ बघायचं विसरायचो. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. मी म्हटलं होतं, "बरं आहे. जरा लांबलंय."

एकदा तू शेडमध्ये आलीस. मालकाला विचारून, कानात कापूस घालून तासभर उभी राहिलीस. मला वाटलं आवाज ऐकायला आलीस. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "अहो, आत कुणीच बोलत नाही. सगळे नुसती तोंडं हलवतात." मी म्हटलं, त्यात नवीन काय? शंभर माग एकदम चालत असताना ओरडून कुणाला ऐकू जाणार? तोंड मोठं करायचं, ओठ नीट फिरवायचे, समोरचा वाचतो. गावाकडची बातमी, शिव्या, चहाला चल, सगळं ओठांवर. आणि जॉबरच्या तोंडाकडे तर लक्ष ठेवावंच लागतं. मी थांबव म्हटलं की माग थांबला पाहिजे. नाही थांबला तर कुणाचं तरी बोट जातं. माझ्या वेळेला एकाचंही गेलं नाही. हे मी तुला सांगत होतो आणि तू रस्त्यात थांबून माझ्या ओठांकडे बघत होतीस. इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतंस. मी लाजलो. म्हातारपणी.

मग पालघरचा तो पहिला कार्यक्रम. लोक बरे जमले होते. बाया पाणी चढवत होत्या, आम्ही धागा जोडत होतो. मी तेव्हा गात होतो, मोकळ्या गळ्यानं. तेवढ्यात ऐकायला आलेला आपला शेजारी भिकू पुढच्या रांगेतून मोबाइल घेऊन उठला, फोटो काढायला. मागच्या लोकांना दिसेना. मी गाता गाता त्याच्याकडे बघून तोंड मोठं केलं, आवाज न काढता, शेडमध्ये बोलतो तसं: बस खाली.

भिकू उभाच राहिला. माझे अकराच्या अकरा गडी खाली बसले.

गाणं चालू आणि गडी मांडी घालून स्टेजवर. जानकीबाय मागच्या रांगेतनं म्हणाली, "आगो बाय, यांना काय झालं!" आणि ती आणि तिच्या बाया गातच राहिल्या. तुझा हात एक क्षण हवेत तसाच राहिला, मग हलायला लागला. शेवटपर्यंत बायांनीच नेलं. लोकांना वाटलं हे असंच बसवलंय. टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर दिवा लावलास आणि विचारलंस, "काय म्हणालात त्यांना?"

"त्यांना नाही. भिकूला म्हणालो, बस खाली."

"आणि ते बसले."

"बसणारच. माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते."

"शब्द कुठं होता? आवाज तरी काढला होतात का?"

"नाही."

तू ओट्याला धरून जी हसत सुटलीस ती थांबेचना. डोळ्यांना पदर लावलास. मीपण हसलो. मला वाटलं, सुटलो. पुढच्या शुक्रवारी तू सगळ्यांना सांगितलंस, गड्यांनी खाली बसायचं ते आपण ठेवू या, ती जागा चांगली आहे. तेव्हापासून त्या गाण्यात त्या ठिकाणी गडी बसतात आणि बाया एकट्या पाणी चढवत नेतात. बाहेरगावचे लोक येऊन विचारतात, ही कल्पना सुचली कशी? तू म्हणायचीस, आमच्या जॉबरना सुचली.

पण त्याच आठवड्यात तू मला ते दुसरं सांगितलंस. चहा पुढे ठेवलास. चहा आधी ठेवलास म्हणजे काहीतरी वाईट येणार, हे मला कळायला हवं होतं.

"एक सांगू? रागावू नका. तुम्ही गाऊ नका. रांगेत उभे राहा, नुसतं तोंड हलवा."

मला वाटलं चेष्टा करतेस. तू चेष्टा करत नव्हतीस. म्हणालीस, ते सगळे तुमच्या तोंडाकडे बघून गातात. शिवपूजनला शब्द कळत नाही, पण तुमचे ओठ बघून तो शब्द चोख उचलतो. तुमचं तोंड मला हवंच आहे. पण तुमचा आवाज अख्खा शेड भरेल एवढा मोठा, बाकीचे त्याच्याखाली दबतात. आणि सूर.

"सुराचं काय?"

"तुम्हाला ऐकूच येत नाही हो तो. तुमचे कान मागाला गेले."

खोटं नव्हतं ते. डॉक्टरपण तेच म्हणाला होता. पण डॉक्टर म्हणाला तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

चार दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. सरावलीच्या चौकात जाऊन बसायचो, जेवायला यायचो, परत जायचो. शुक्रवार आला. तू नेहमीसारखी पिशवी घेतलीस, चपला घातल्यास आणि दारात उभी राहिलीस. हाक मारली नाहीस. मी शर्ट चढवला आणि आलो. रांगेत उभा राहिलो आणि तोंड हलवलं. ते आजतागायत.

तू प्रयत्न केले नाहीस असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. सकाळी चहा झाला की तू माझा हात उचलून तुझ्या गळ्यावर ठेवायचीस आणि सा लावायचीस. "कानाला नाही कळत तर हाताला कळतं का बघू." हाताला कळायचं. मी नुसता तळवा ठेवून मागाचं दुखणं सांगणारा माणूस, मला कसं नाही कळणार? तू वर गेलीस की थरथर बारीक व्हायची, खाली आलीस की जाड. मी म्हणायचो, आता वर गेलीस. आता अर्धीच गेलीस. तू म्हणायचीस, "बरोबर! आता तुम्ही लावा." मी लावायचो आणि तुझा चेहरा बघायचो. तू चेहरा सांभाळायचीस. पण मी जन्मभर चेहरे वाचून पोट भरलंय, शालन. पावसाळाभर आपण ते केलं. नंतर तू हात उचलायचं थांबवलंस आणि मी विचारलं नाही. त्या पावसाळ्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. चाळीस वर्षांच्या संसारात मी तुझा गळा असा कधी हातात घेतला नव्हता.

एकदा मी चोरी केली. माहीमच्या किनाऱ्यावर जानकीबायच्या लोकांनी आपल्याला बोलावलं होतं. बोंबील वाळत घातलेल्या मांडवांच्या पुढ्यात आपण उभे राहिलो. वारा एवढा की तुझी वही एकीनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी विचार केला, ह्या वाऱ्यात कुणाला काय ऐकू जाणार? आणि सोडला आवाज. पूर्ण. धागा तुटला, धागा तुटला. छाती दुखली एवढा गायलो. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. हात चालूच ठेवलास.

परत येताना तू काही बोलली नाहीस, घरीही नाही. मी वाट बघत राहिलो. चिडली असतीस तरी चाललं असतं. "ऐकलं मी" एवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. तुलाही वाटत असेल, हे कबूल करतील मग बोलू. दोघं तसेच म्हातारे झालो.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. सुराचं, आवाजाचं ते सगळं ठीक. पण तुला माझी लाज वाटत होती का? तुझ्या गाण्याला मुंबईपुण्याचे लोक येतात, इंग्रजी बोलतात, वहीतल्या रेघांचे फोटो काढतात. आणि नवरा असा. मागाच्या तेलाचा, सातवीचा, बहिरा. त्याला रांगेत उभं करायचं आणि गप ठेवायचं. हे सहा वर्षं माझ्या मनात होतं. ओठांवर आलं नाही. मी कुणालाही तोंडावर बोलणारा माणूस, सगळं बोईसर सांगेल. तुझ्यापुढे मात्र जमलं नाही.

दवाखान्यात शेवटी भांडलो ते त्यातूनच. तू नवीन गाणं करायला घेतलं होतंस. खाटेवर वही उघडून रेघा ओढत होतीस. मी म्हटलं, "ह्या वेळेला मी गाणार. मोठ्यानं. नाहीतर येणारच नाही, तुझं तू बघ." नर्सनं वळून बघितलं एवढ्या जोरात म्हणालो. तू पेन खाली ठेवलंस. दमली होतीस. म्हणालीस, "मी घरी आले की बोलू." तुला घरी आणली ती बोलायला आणली नाही.

आपली मुलगी आली, तुझे दिवस झाले, ती गेली. मग परवाचा शुक्रवार. दुपारी दारात जानकीबाय आणि तिघी जणी, रिकाम्या पाट्या काखेत.

"जॉबर, शुक्रवार हाय."

"मग?"

"मग काय? चला. बाय नाय म्हनून शुक्रवार यायचा थांबलाय काय?"

मी म्हटलं, पुढे उभं कोण राहणार?

"तुमी."

"मला हात हलवता येत नाही."

"हात कोन बगतो? तोंड हाय ना तुमचं."

मी म्हटलं, येतो, पण मी मोठ्यानं गाणार. आधीच सांगून ठेवतो. जानकीबाय म्हणाली, "गावा की. आता कोन हाय अडवायला?" म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं काय म्हणाली ते. पाटी ह्या काखेतून त्या काखेत घेतली आणि पायऱ्या उतरली.

प्रार्थनेच्या खोलीत सगळे जमले होते. अकराही गडी. मी रांगेकडे निघालो तर शिवपूजननं खांद्याला धरून वळवलं. "उस्ताद, उधर." मी तुझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. सहा वर्षांत त्या जागेवरून मी कधी बघितलं नव्हतं. बाया मागे, गडी पुढे, आणि गड्यांच्या अकरा जोड्या डोळे माझ्या ओठांवर.

तेव्हा मला दिसलं, शालन. मी रांगेत असायचो तेव्हाही ते असेच माझ्याकडे बघायचे, तिरक्या माना करून. म्हणजे तू ज्या जागेवर उभी राहायचीस तिथं तुला काय दिसत होतं? अकरा गाल. तू गाणं केलंस, तू हात हलवलास, आणि गड्यांतल्या एकानंही तुझ्याकडे बघितलं नाही. सहा वर्षं. तुला राग नाही आला? तू एकदाही म्हणाली नाहीस की माझ्याकडे बघा. माझ्या तोंडाकडे बघायची त्यांची सवय तू मोडली नाहीस. तुझ्याकडे बघणारा गड्यांत मी एकटा. तुझ्या हातावरून मी उचलायचो, माझ्या ओठांवरून ते. ज्याची लाज वाटते त्याच्या तोंडात कुणी आपलं गाणं ठेवत नाही, एवढं मला सातवीवाल्यालाही कळतं. पण तू सांगायला हवं होतंस. आणि मी विचारायला हवं होतं. दोघांचंही चुकलं, त्यातलं जास्त माझं, असं आज म्हणतो.

सुरू करायची वेळ झाली. मी कुणाकडे बघून सुरू करणार? इतकी वर्षं तुझा हात वर गेला की मी श्वास घ्यायचो. समोर हात नाही. सगळे थांबलेले. पंखा तेवढा फिरत होता. शेवटी मागून जानकीबायनं श्वास घेतला, तिचे खांदे वर गेलेले मला दिसले, आणि मी तोंड उघडलं. मोठ्यानं गायचं ठरवूनच आलो होतो. घसा खाकरून तयार होतो.

आवाज फुटला नाही. परत ओढला, नाहीच. गड्यांना काय त्याचं, त्यांना सवयच होती. माझे ओठ हलले आणि ते गायला लागले. धागा तुटला, धागा तुटला. बायांनी पाणी चढवलं. बसायची जागा आली तेव्हा मी ओठांनी सांगितलं आणि सगळे गडी बसले. एकाचंही चुकलं नाही. मी शेवटपर्यंत तोंड हलवत उभा होतो.

निघताना जानकीबायनं विचारलं, "काय वो, गानार व्हते ना मोठ्यानं?"

मी म्हटलं, "घसा बसलाय."

तिनं पाटी काखेत घेतली. "बरं," म्हणाली. "शुक्रवारी येतोच आमी."

शालन, सहा वर्षं मी मनातल्या मनात ह्याच्यासाठी भांडलो की मला कुणी अडवू नये. आता कुणी अडवत नाही. पण असली मोकळीक मी मागितली नव्हती.